बाजूची सीट रिकामी होती

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्या सख्ख्या मावसभावासोबत घडलीय. पटत नसेल तर पुढे वाचू नका, पण मला अक्कल शिकवायलाही येऊ नका.

दादा जुन्या गाड्या विकणाऱ्या एका शेठकडे इलेक्ट्रिशियन होता.

शनिवारची भर दुपार. शेडमध्ये एक पांढरी गाडी उभी होती. संध्याकाळी एक बाई ती न्यायला येणार होत्या. त्यांची लेक तर ड्रायव्हरच्या बाजूच्या सीटवर बसून, "मी इथेच बसणार," असं सांगूनही गेली होती.

दादाने किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे लागले. लागतातच. गाडी आधी स्वतःला तपासते, मग जे ठीक असेल त्याचा दिवा विझतो.

इंजिन सुरू झालं. ऑइलचा दिवा विझला.

एअरबॅगचाही विझला... त्याच क्षणी.

दादाच्या मनात पाल चुकचुकली. त्याने डॅशबोर्डमधला दिव्यांचा अख्खा मीटर खोलून टेबलावर आणला. एअरबॅगच्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडलेली होती. वर काळी टेप. ऑइलचा विझला की हाही विझणार, बिघाड असो वा नसो!

मग त्याने बाजूच्या सीटसमोरचं झाकण काढलं.

आत एअरबॅग नव्हतीच. चिंध्या कोंबल्या होत्या. म्हणजे एअरबॅग आधीच कुठल्यातरी अपघातात फुटली होती.

"शेठ, हे काय आहे?"

"काय म्हणजे? गिऱ्हाइकाला दिवा विझलेला दिसला की झालं. टेप नीट मार."

"या सीटवर कोण मेलं?"

"तू पोलीस आहेस का रे? कामाचं बघ."

म्हणजे मेलं होतं कुणीतरी.

दादाने रागाने तो जोड कापून टाकला. बॅटरी केव्हाच काढून ठेवली होती. मीटर टेबलावर सुटा पडला होता.

आणि...

टिंग.

टिंग.

सीटबेल्ट लावा, असं सांगणारी घंटी. सुट्या मीटरमधून.

शेठच्या तोंडचं पाणी पळालं, पण माज गेला नाही. त्याने बेल्टच्या खाचेत ती घंटी बंद करायची खोटी क्लिप खुपसली.

आवाज थांबला.

"गेलं बघ तुझं भूत!"

खट्... क्लिप उडून खाली पडली.

मग बाजूच्या सीटचा बेल्ट हळूहळू बाहेर आला... आडवा झाला... आणि खाचेत बसला. ताठ. कुणाच्या तरी छातीवर असावा तसा.

टेबलावर एअरबॅगचा लाल दिवा लागला.

दादा घाबरला होता, पण त्याहून जास्त त्याचं डोकं फिरलं होतं.

"मेलेलं माणूस बेल्ट लावतंय, शेठ! आणि तुम्ही मला टेप लावायला सांगताय?"

त्याने तिथूनच त्या बाईंना फोन लावून सगळं सांगितलं. व्यवहार मोडला. दादाला त्याच दिवशी हाकललं.

सोमवारी शेठने दुसऱ्याकडून तो जोड परत करून टेप मारून घेतली. गाडी विकली. कुणाला, ते सांगत नाही हरामखोर. दादा अजून शोधतोय.

तुम्ही जुनी पांढरी गाडी घेतली असेल, तर किल्ली फिरवा आणि बघा. ते दोन दिवे एकाच क्षणी विझतात का?

आणि बाजूची सीट रिकामी असताना घंटी वाजली...

तर क्लिप लावू नका.