झडपेतली पाचर

बायकोची शाल घरीच राहिली होती. ती घेऊन पंप दुरुस्त करणारा तो दुपारी इस्पितळात परतला, तोवर तिला आत नेलं होतं. शस्त्रक्रियेच्या खोलीचं दार आतल्याच बाजूला उघडायचं आणि टप्पकन मिटायचं. बाहेर यायची वाट पलीकडून होती.

कालच डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "काळजात झडपा असतात. रक्त पुढे गेलं की त्या मिटतात, मागे येऊ देत नाहीत. यांची एक झडप मिटतच नाही."

"म्हणजे पंपाचा फूट व्हॉल्व्हच गळतोय की!" तो म्हणाला होता. आपल्याच धंद्यातलं दुखणं म्हणून त्याला उगाच धीर आला होता. वेडा कुठला!

आता बाई पलीकडच्या वाटेने आल्या. "नवी झडप बसवली... पण हृदय सुरू होत नाहीये. प्रयत्न चालू आहेत. मन घट्ट करा." त्या पुन्हा आत गेल्या. दार मिटलं.

 पंपातून पुढे गेलेलं पाणी मागे घ्यायचं असलं, की तो झडपेत लाकडी पाचर सारायचा. पाचर खांद्यावरच्या हत्यारांच्या पिशवीत होतीच. बुडत्याला काडीचा आधार! त्याने दार ढकललं आणि फटीत पाचर ठोकली.

"ये गं... मागे ये. मी एकटा काय करू?"

फटीतून गार हवा आली, गंजलेल्या लोखंडाच्या वासाची. खांद्याला काहीतरी ओलसर घासून गेलं. आत कुणीतरी ओरडलं, "ठोके आले!"

संध्याकाळी समोरच्याच खोलीत तिने डोळे उघडले. तो लहान मुलासारखा रडला.

"अहो... ते दार लावलं ना?"

"कुठलं गं?"

"माझ्यामागून... बरेच जण निघालेत."

तो धावला. दारापासून बाहेरच्या दिशेने ओली पावलं उमटली होती. काही अगदी लहान. त्याने पाचर ओढली, तशी तिच्या खोलीतल्या यंत्राची टिकटिक अडखळली. त्याने ती घाईघाईने परत सारली. टिकटिक सुरू झाली. पाचर मात्र सैल झाली होती. सोडली की निसटायची. दोन्ही हातांनी ती दाबून तो तिथेच बसला.

"कोण... कोण आहे?"

"असू द्या, भाऊ," फटीतून एक म्हातारा आवाज अजिजीने म्हणाला. "थोडा वेळ धराच... आम्हालाही घरी जायचंय."

आणि त्याच्या हातांवर आणखी एक ओला हात येऊन टेकला.