काळ्या दाण्याची भाकरी

आता सांगतो ते तुमच्यापैकी एकालाही पटायचं नाही. कवठे महांकाळात देवळात उभं राहून सांगितलं, तरी माणसं हसत घरी गेली.

लढाईचे दिवस. रंगूबाईचा एकुलता एक लेक ज्ञानू पलटणीत, समुद्रापलीकडं. घरात ती आणि सून अंजना. सरकारचे लेव्हीवाले सक्तीनं धान्य न्यायला गावोगाव फिरू लागले, तशी रंगूबाईनं खळ्यावरची ज्वारी घाईघाईनं पेवात ओतली. अवकाळी पावसानं दाणा ओला होता. त्याला ऊन दाखवायला हवं होतं. पण उन्हात पसरलेली ज्वारी लेव्हीवाल्यांनाही दिसते. मग जमिनीतल्या त्या खोल खड्ड्याला आतून कडबा लावला, तोंडावर दगड ठेवला, वर माती लिंपली आणि त्यावर म्हैस आणून बांधली.

दिवाळी सरल्यावर पेव उघडलं. आतली वाफ जाऊ दिली, कंदील सोडून बघितला. मधली ज्वारी बरी निघाली, जराशी कुबट. कडेची मात्र काळी, गोळे झालेली. चोळली की काळी भुकटी उडायची आणि पिकल्या फळासारखा गोडूस वास यायचा. कोंबड्याही तिच्याकडं फिरकल्या नाहीत. रंगूबाईनं ती वेगळ्या पोत्यात भरून कोपऱ्यात ठेवली. धान्य टाकवत नव्हतं, एवढंच.

पुढं तिच्या ध्यानात आलं, की अंजना दुपारी एक ताट जास्तीचं वाढते.

"ह्ये कुणाचं गं?"

"त्येंचं," अंजना म्हणाली. "बसल्यात न्हवं का उंबऱ्यावर."

उंबऱ्यावर दुपारचं ऊन होतं. दुसरं काही नव्हतं.

रंगूबाईनं पोत्यात हात घातला. पोतं निम्म्यावर आलं होतं. सून आपल्यापुरती त्या काळ्या दाण्याची भाकरी थापत होती.

"पोरी, इख हाय ते."

"आवं आत्याबाई, दोन घास खाल्लं की येत्यात. तिकडं लय गारठा हाय म्हनं. काल माज्या हातनं अर्दी भाकरी खाल्ली, तवा कुठं हातपाय ऊन झालं त्येंचं."

अंजनाची स्वतःची बोटं गार पडली होती. नखांशी निळी.

मग घरातली दुपार लांबत चालली. पाकात बुडाल्यागत सगळं संथ. अंजना बोलायची, मध्येच थांबायची, कुणाचं तरी ऐकायची आणि लाजायची. ताटातली भाकरी संध्याकाळी नसायची. मांजरानं खाल्ली असेल, असं रंगूबाई मनाला सांगायची.

एकदा तिनंही तुकडा मोडून ओठांपर्यंत नेला. लेक तिचाही होता. मग सुनेचा हात दिसला. तो आता मनगटापर्यंत निळा होता. रंगूबाईनं तुकडा खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी अंजनाचा डोळा लागलेला बघून तिनं पोतं ओढ्याकाठी नेलं, पालथं केलं आणि काडी लावली.

धुराला गरम भाकरीचा वास होता.

घरी आली, तर अंजना शांत झोपली होती. रंगूबाईनं तिचा हात हातात घेतला. बोटांत ऊब परतत होती. म्हातारीचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात अंगावरचं ऊन गेलं.

उंबऱ्यावर ज्ञानू उभा होता. अंगात खाकी, वाळून काडी झालेला. दातावर दात वाजत होते.

"आये," तो म्हणाला, "माजी भाकरी कुटं टाकलीस?"

"खोटं," ऐकत बसलेला जोतीराम मध्येच म्हणाला. "थाप हाय ही, तात्या. म्हातारीनं काळा दाना तोंडातबी घातला न्हवता. मग तिला कसा दिसंल?"

तेच तर रंगूबाई उंबऱ्यावरच्या ज्ञानूला सांगत होती.