दोन ठोके

दिवे कधी येतील ते मला विचारू नका, मी काही वीज खात्यात नाही. कंदील मध्ये ठेवा आणि जवळ सरकून बसा. कुणाला हसायचं असेल तर त्याने आत्ताच हसून घ्यावं, मध्येच खिदळलात तर मी उठून झोपायला जाईन. ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या साडूची आहे आणि तिचा शेवट मी या डोळ्यांनी पाहिलाय.

साडू म्हणजे मोठ्या कुटुंबातला माणूस. सहा भाऊ, त्यांच्या बायका, पोरं, एक आंधळी आत्या. जेवायला बसले की पंगतच. साडू दुसरा. थोरला भाऊ खाणीत होता, त्याने यालाही मिसरूड फुटताच आपल्याबरोबर खाली नेलं. दोघांची पाळी एक, बोगदा एक, डबाही एकच.

आता खाणीतली एक रीत नीट ऐकून ठेवा. खाली छताला लाकडी टेकू लावलेले असतात. छत कुरकुरायला लागलं की तिथे कुणी ओरडत नाही, ओरडण्याने सैल झालेला दगड खाली येतो म्हणतात. मग थोरल्याने टेकूवर दोनदा ठोकायचं. टक टक. म्हणजे, आहेस का? धाकट्याने एकदा ठोकायचं. टक. म्हणजे, आहे. जबाब आला की धाकटा पुढे, थोरला मागे, असं बाहेर पडायचं. जबाब आल्याशिवाय थोरला जागचा हलत नाही. आणखी एक होतं, ते कुजबुजत सांगायचे. खाणीत गाडल्या गेलेल्याचा ठोका कधी कानावर आला तर जबाब द्यायचा नाही. जो देईल त्याला तो बरोबर घेऊन जातो.

एके दिवशी छत कुरकुरलं. थोरल्याने दोनदा ठोकलं. साडू तेव्हा विशीतला, त्याची पाचावर धारण बसली. तो जबाब न देताच पळत सुटला. बाहेर उजेडात येईपर्यंत त्याला मागून ऐकू येत होतं. टक टक... टक टक... थोरला त्याची वाट बघत आतच थांबला होता. मग बोगदा बसला. प्रेत काही हाती लागलं नाही, शेवटी मालकांनी तिथे भिंत घातली.

साडूने खाण सोडली आणि लांबच्या गावी लाकडाच्या गिरणीत करवतीवर लागला. तिथे दिवसभर असा आवाज की शेजारचा माणूस ओरडला तरी कळू नये. मला म्हणायचा, तेवढ्यासाठीच हे काम धरलं. सगळं घरच मागोमाग तिकडे आलं. विधवा वहिनी आणि तिचा मुलगा याच्याच आधाराला. पोराला त्याने पोटच्या मुलासारखं वाढवलं, हाताला धरून गिरणीत लावलं.

आणि तिथेच त्याने चूक केली. गिरणीत लांब फळी उचलायची तर एक माणूस या टोकाला, दुसरा त्या टोकाला. करवतीच्या आवाजात हाक ऐकू जात नाही. म्हणून याने खाणीतलीच खूण तिथे चालू केली. एकाने फळीवर दोन ठोके द्यायचे, दुसऱ्याने एक, की दोघांनी उचलायचं. हातांना सवय होती, होऊन गेलं. पुतण्या लहानपणापासून तेच शिकला. खूण कुठून आली हे त्याला कुणी सांगितलंच नाही.

मग त्या पुतण्याचं लग्न ठरलं. डिसेंबरातला दुसरा शनिवार, लग्न रविवारी सकाळी. बायकोकडून मीही गेलो होतो. पाहुणे इतके आले की पाय ठेवायला जागा नाही, आणि फरशी बर्फासारखी गार. साडू म्हणाला, गिरणीतून चार फळ्या आणू, विटांवर टाकू, म्हातारी माणसं तरी वर झोपतील. किल्ली त्याच्याकडेच असायची. माझा पाय मुरगळला होता, नाहीतर मीच गेलो असतो. देवाने वाचवलं म्हणा. अकराच्या सुमाराला काका-पुतण्या हातगाडी घेऊन निघाले. नवरदेवाला गाडी ओढायला लावली म्हणून बायकांनी साडूला चांगलं फैलावर घेतलं.

गिरणी बंद, शेडमध्ये काळोख. पुतण्या थप्पीच्या पलीकडच्या टोकाला गेला, साडू अलीकडे. मध्ये वीस फुटी फळ्या. कंदील साडूच्या पायाशी. तो गाडीचा दोर सोडवत होता. दोन्ही हात दोरात.

टक टक.

त्याला वाटलं, पोरगा घाई करतोय. तेवढ्यात पलीकडून पोरगा म्हणाला, "काका, थांबा जरा, हात नीट बसू दे. मग देतो जबाब."

म्हणजे पोराने ठोकलं नव्हतं.

साडूचे हात दोरातच राहिले. आवाज थप्पीच्या मधून आला होता. पुन्हा आला. टक टक. तसाच. पहिला जोरात, दुसरा हलका. असं एकच माणूस ठोकायचा.

साडूला ओरडायचं होतं, जबाब देऊ नकोस रे. पण तेवढा वेळ नव्हता. थप्पीवरून त्याला पोराचा हात दिसला. मूठ वळलेली. वर गेलेली... जो देईल त्याला तो घेऊन जातो. उद्या लग्न. घरात त्याची आई.

साडूने दोर टाकला आणि आपली मूठ फळीवर आपटली. एकदा.

टक.

सगळं शांत.

"मीच देणार होतो की. बरं, उचला," पोरगा म्हणाला.

उचलली. पोरगा म्हणाला, "काका, आज हलकी कशी हो लागते?"

साडूने पुढच्या फळीला हात घातला. चारही फळ्या तशाच हलक्या आल्या. मधूनच कुणीतरी खांदा दिल्यासारख्या.

परतताना पोरगा पुढे ओढत होता, साडू मागून ढकलत होता. साडूच्या मागे... पावलं. जड. खडीवर दाबून पडणारी. गाडी थांबली की एक पाऊल जास्त वाजायचं. मागे वळून बघायची त्याची हिंमत झाली नाही. चढ लागला. साडूने हात काढून घेतले. गाडी चढतच राहिली.

तेव्हा तो बोलला. हळू, पोराला ऐकू जाऊ नये असा.

"दादा, मी पळालो. तू माझ्यासाठी थांबलास, आणि मी पळालो. मला ने. पण हा तुझाच आहे. त्याला उद्याचा दिवस बघू दे."

जबाब नाही. फक्त पावलं... घरापर्यंत.

दार मी उघडलं. पोरगा हसत आत गेला. त्याच्या मागून साडू आला. चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नाही. आत आला आणि दार धरून बाजूला उभा राहिला. मी वैतागलो. म्हटलं, अरे लाव की दार, गारठा येतोय.

म्हणाला, "थांब जरा."

कुणीच आलं नाही. मला तरी दिसलं नाही. मग त्याने सावकाश दार लावलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसला. रात्रभर. त्याला वाटत होतं, आता बोलावणं येईल. आलं नाही. पहाटे त्याने मला हे सगळं सांगितलं. ऐंशीचा आहे तो आता, माझ्यापेक्षा ताठ चालतो.

मी तेव्हा विश्वास ठेवला नाही. झोपमोड झालेला माणूस काहीही बरळतो, असं म्हणून मी बाहेर निघालो. उंबऱ्याबाहेर पाहुण्यांच्या चपलांचा ढीग. त्यात माझी शोधत होतो. ढिगापासून बाजूला, भिंतीलगत, एक जोडी बूट. जड, खाणीतले. पाऊस नव्हता, तरी ओलेचिंब. आत काळा चिखल. एका बुटाला नाडीऐवजी निळ्या चिंधीची पट्टी ओवलेली.

मागून वहिनी आल्या. खाली बसल्या. ती पट्टी बोटांनी चाचपली. म्हणाल्या, "त्या दिवशी सकाळी नाडी तुटली होती. मीच ओवून दिली होती."

रडल्या नाहीत. बूट उचलले, पदराने पुसले, आत नेऊन आपल्या अंथरुणाशी ठेवले.

लग्न झालं. पाहुणे आपापल्या चपला घालून गेले. पोराला आता नातवंडं आहेत. ते बूट अजून तिथेच आहेत. ते घालून परत जायला मात्र त्या घरातून आजवर कुणी निघालेलं नाही.