दुसरा खेळाडू

माझ्या हातून आजवर एकही यंत्र बिघडलं नाही, ही माझी फुशारकी. आठवडाभर मी गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर असतो. रविवारी लोकांच्या हातात मावणाऱ्या, जुने व्हिडिओ गेम खेळायच्या कन्सोलवर नवं फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, चढवून देतो. अण्णा नगरात आमच्या खालच्या मजल्यावर कमलिनीमावशी राहतात, तंजावरच्या मराठी. त्यांनी बंद पडलेला कन्सोल पुढे केला, तेव्हा मला नाही म्हणवेना.

त्यांच्या मुलानं, रघुरामनं, असे दोन घेतले होते. जेवणाच्या सुट्टीत तो एन्नोरच्या कामावरून आणि आई घरून, दोघं मिळून एकच गेम खेळायचे. गेल्या पोंगलला तिथल्याच किनाऱ्यावरच्या दगडांवरून लाटेनं त्याला ओढून नेलं. त्याचा कन्सोल खिशातच होता. देह सापडला नाही, म्हणून मावशींचे भाऊ नारायणस्वामी उद्या दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देणार होते. मावशींनी अजून होकार दिला नव्हता.

"एकदा चालू करून दे रे, कण्णा. तो येतो का बघते, मग भावाला सांगते."

रिकामा पडदा पाहिला की त्यांचं मन मानेल, असं मला वाटलं.

दोन कन्सोलवर तंतोतंत एकच आवृत्ती असेल तरच ते एकमेकांना जोडले जातात. म्हणून मी मुद्दाम त्याच दुपारी स्वतः जुळवलेली आवृत्ती नव्या मेमरी कार्डावर चढवली. ती जगात दुसऱ्या कुठल्याच यंत्रात नव्हती. त्यांचा जुना गेमही त्यात घातला आणि वायफाय लावलं.

जोडीदारांच्या यादीत एक नाव आलं. रघु.

त्याखाली आवृत्तीचा क्रमांक होता. माझाच, दुपारचा.

मी वायफाय बंद केलं. नाव तसंच राहिलं. पंखा चालू असूनही माझ्या मानेवर घाम आला, आणि मला सरळसरळ भीती वाटली.

मावशींनी कन्सोल माझ्या हातातून काढून घेतला.

गेममधल्या गावात त्यांची बाहुली उभी होती. दुसरी बाहुली आली, शेजारी थांबली, मग पुढे चालू लागली. मधेच मागे वळून वाट पाहायची.

"मावशी, बंद करा."

"खेळू दे. त्याला एकट्याला करमत नाही."

गाव संपून किनारा आला. हा गेम मला पाठ आहे. त्यात पाण्यात पाऊल टाकताच येत नाही.

तो आत गेला. गळ्यापर्यंत. तिथून आमच्याकडे तोंड करून थांबला.

मावशींनी कन्सोल खाटेवर ठेवला. भावाला फोन करून उद्याचं काही करू नका म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. मग चपला घातल्या.

"एन्नोरला इथून थेट बस आहे का रे?"

मी दारात आडवा उभा राहिलो. त्यांच्या खांद्यावरून मला खाट दिसत होती. कन्सोलला कुणाचाही हात लागलेला नव्हता, आणि त्यांची बाहुली कमरेपर्यंत पाण्यात पोचली होती.