पाचवी गोळी

"दोनच द्या."

दुकानदारानं कात्री उचलली. गोळ्यांचं पाकीट कापलं जाणार, तेवढ्यात पायरीवरनं असा आवाज आला, की रांगेत खोकणाऱ्या तिघांचा खोकला जागच्या जागी बरा झाला म्हणतात.

"कापू नका!"

आवाज विद्याश्रीचा होता. पोरगी मूळची कुरुंदवाडची, अंगानं काडीएवढी. श्रावणाची रिपरिप चुकवायला ती औषधाच्या दुकानाच्या पायरीवर टेकली होती. आता छत्री तशीच ठिबकत घेऊन ती थेट गिऱ्हाइकासमोर उभी राहिली. गिऱ्हाईक उंच होतं, सावळं होतं, आणि त्याच्या उजव्या हाताच्या बोटाला भलंमोठं फडकं गुंडाळलेलं होतं.

"डॉक्टरांनी किती लिहिल्यात?"

"पाच. पण पावणं... म्हंजे मॅडम, दोन गोळ्यांत ठणका थांबतो की."

"ठणका थांबतो, जंतू थांबत न्हाईत! मऊ असतात ते मरतात. चिवट असतात ते मागं राहतात, आन् त्यांचीच पिलावळ वाढते. मग पुढच्या खेपेला हेच औषध त्यांना पेढ्यासारखं लागतं."

"जंतूंशी चांगलीच वळख दिसतीया तुमची."

"रोजची हाय."

बोलली आणि तिनं जीभ चावली. रागात आली की तिची पुस्तकी मराठी अशी कुरुंदवाडला पळून जायची. तसं तिनं सांगितलं ते खरंच होतं. कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत ती चार वर्षं औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंच्या मागं होती. गोठ्यातलं पाणी, गटारातलं पाणी, कुठलं म्हणून पाणी तिनं बाटलीत भरायचं सोडलं नव्हतं.

त्याचं नाव शिवकुमार. हुपरीचा, घरच्या कारखान्यात चांदीच्या पैंजणांची घुंगरं करणारा. तार बोटात घुसली होती आणि जखम चिघळली होती.

"पाच घीन," तो म्हणाला. "पण रोज आठवण कोण करणार?"

त्यावर विद्याश्रीनं जे केलं, त्याचं कारण विज्ञानाला अजून सापडलेलं नाही. तिनं आपला नंबर दिला. "रोज एक. गोळी घेतली की पाकिटाच्या रिकाम्या घराचा फोटो पाठवायचा."

पहिल्या दिवशी फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'एक घर रिकामं.'

दुसऱ्या दिवशी, 'कडू हाय. तुमच्यासारखी.'

'मी कडू?'

'बोलायला. बघायला न्हाय.'

हे वाक्य तिनं सात वेळा वाचलं. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं, सलमानं, मोजलं होतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, 'औषध चालतंय का न्हाय, ते तुम्हाला कळतं कसं?' तिनं काचेच्या चपट्या बशीचा फोटो पाठवला. बशीभर जंतू, दुधाच्या सायीसारखे पसरलेले. मधे औषधात भिजवलेली कागदाची बारीक टिकली. 'टिकलीभोवती मोकळं कडं पडलं, तर औषध चालतं. नाही पडलं, तर जंतू जिंकले.'

'टिकली लावता, कडं बघता... प्रयोगशाळा हाय का लग्नघर?'

तिनं फोन उलटा ठेवला. मग सुलटा केला.

चौथ्या दिवशी तिनंच सांगून टाकलं, 'सोमवारी मी हैदराबादला चालले. पुढचं संशोधन तिकडं. दोन वर्षं. त्याआधी कोर्स संपवा.'

मग रिकाम्या घराचा फोटो आला. शेजारचं एकच घर भरलेलं. खाली एवढंच, 'उद्या शेवटची...'

आणि पाचव्या दिवशी फोटो आलाच नाही.

तिनं दुपारपर्यंत वाट पाहिली. मग विचारलं, 'पाचवी?' त्यानं वाचलं, ते फोनवर दिसत होतं. उत्तर नाही. शनिवारही तसाच गेला. बाहेर पाऊस दोन मिनिटं यायचा, दोन मिनिटं जायचा, आणि फोन नुसताच टेबलावर पडलेला. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं बशीवर नाव घालायचं विसरून तारीख दोनदा घातली.

"काळजी कशाची गं?" सलमानं विचारलं. "जंतूंची का जखमेची?"

"जखमेची."

"व्हय, दिसतीया की. कुणाची जखम, तेवढं सांग."

रविवारी सकाळी विद्याश्री हुपरीच्या बसमध्ये बसली. पर्समध्ये तिनं नमुना घ्यायची कापसाची काडी टाकली होती. आपण कामासाठीच चाललोय, असं स्वतःला सांगायला तेवढा पुरावा बास होता.

शिवकुमारच्या दारात त्याची आत्या, धोंडुबाई, रिठ्याच्या पाण्यात घुंगरं घोळत बसली होती. तिनं मान वर केली.

"तूच का गं ती गोळीवाली? ये की आत. तुझी गोळी त्यानं डबीत ठिवलीया, कापसात. एवढी चांदी हाय घरात, ती उघड्यावर. आन् कडीकुलूप गोळीला!"

आत शिवकुमार तारेचं वेटोळं पुढ्यात घेऊन बसला होता. काम चाललं नव्हतं. तिला बघून तो उठला आणि हात पाठीमागं नेला. तिनं तो ओढून पुढं आणला. बोट पुन्हा लाल झालं होतं, तटतटून सुजलं होतं.

"का न्हाय घेतली?"

त्यानं तारेचं वेटोळं पायानं बाजूला सारलं.

"विचारतेय मी!"

"ती घेतली की कोर्स संपला," तो तिच्याकडं न बघता म्हणाला. "कोर्स संपला की तुम्ही इचारायचं थांबणार. म्हटलं... एक शिल्लक असूदे."

बसमध्ये तिनं बोलण्याची उजळणी केली होती, चांगली दोन पानं भरतील एवढी. त्यातली एक ओळ आठवेल तर शपथ. बोट मात्र अजून तिच्या हातातच होतं.

"याड लागलंय काय? बोट गेलं म्हंजे?"

"नऊ ऱ्हातात की."

"घुंगरं काय पायानं करणार? ऊठ. डॉक्टरकडं चल आधी."

"'चल' म्हणालीस," शिवकुमार म्हणाला, आणि त्या सुजक्या बोटासकट हसला.

डॉक्टरांनी जखम साफ केली, दोघांनाही झाडलं, आणि औषध बदलून सात दिवसांचं दिलं.

"सात!" पायरी उतरताना शिवकुमार म्हणाला. डॉक्टरांनी गोळ्या नाही, जहागीर लिहून दिली असावी, असा चेहरा होता त्याचा.

"सातच्या सात," ती म्हणाली. "डबीत एकबी न्हाय ठेवायची."

बस येताना दिसली, तसं त्यानं खिशातनं एक घुंगरू काढून तिच्या तळव्यावर ठेवलं. तिनं कानाशी हलवून पाहिलं.

"वाजत न्हाय हे."

"मुकं हाय अजून. आतला खडा घालायचा ऱ्हायलाय." तो बसच्या पाटीकडं बघत म्हणाला. "तू आल्यावर घालतो."

हैदराबादला खोलीला मोठी खिडकी होती, प्रयोगशाळा कोल्हापूरच्या चौपट होती, आणि विद्याश्रीचं सगळं लक्ष फोनच्या चार बोटं काचेवर. रोज एक घर रिकामं व्हायचं. तिला वाटायचं, आपल्याच अंगणातनं कोणी एकेक दिवा उचलून नेतंय. सहाव्या दिवशी तिनं ते मुकं घुंगरू उकळून घेतलं आणि जंतूंच्या बशीत अलगद ठेवलं. चांदीला जंतू भितात, हे तिला ठाऊक होतं. तरी बघावंसं वाटलं.

सकाळी बशी उघडली. सायीच्या मधोमध घुंगरू, आणि त्याभोवती दोऱ्याएवढं बारीक, स्वच्छ, मोकळं कडं.

तिनं फोटो पाठवला. 'कडं पडलं.'

उलट टपाली सातव्या रिकाम्या घराचा फोटो आला. शेजारी भरून आलेलं बोट. 'जखम बरी झाली. कोर्स संपला.' मग थोड्या वेळानं, 'आता?'

तिनं लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

'हे दुखणं वेगळं हाय. याचा कोर्स दोन वर्षांचा.'

'रोज एक?'

'रोज एक. आन् बरं वाटायला लागलं, तरी मधेच सोडायचा न्हाय.'

दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला फोटो आला. तीच डबी, तोच कापूस. गोळीच्या जागी घुंगराचा इवलासा खडा.