दांडपट्ट्याला फुटलेली शिंगे

धारण करणाऱ्याचे रक्षण करणे हा शस्त्राचा पहिला धर्म आहे. डोळे दिपवणे, भय घालणे ही त्याची कर्तव्ये त्यानंतरची. हा क्रम ज्याच्या मनात उलटा होतो, त्याच्या हातून पूज्य वस्तूचीही विटंबना घडते. आणि खेदाची गोष्ट ही, की ती बहुधा प्रेमापोटीच घडते. निर्मळच्या दिनानाथांच्या घरी खंडेनवमीच्या सकाळी असेच काहीसे घडले होते, आणि घरातील एकाही मोठ्या माणसाला त्याचा पत्ता नव्हता.

"खांद्यावर एवढे मोठे काटे? ह्याला मान तरी वळवता येते का रे?" कृतिकाने विचारले.

"मान कशाला वळवायची? शत्रू समोरूनच येतो!" निमिष मोबाइलवरून नजर न काढता म्हणाला.

निमिष हा कृतिकाचा तुळिंजला राहणारा आतेभाऊ; दसऱ्याच्या सुट्टीसाठी आजोळी आला होता. त्याची मोठी बहीण हेमांगी व्हिडिओ गेममधील योद्ध्यांची चिलखते आणि शस्त्रे रेखाटण्याचे काम करी. तिचा नवा योद्धा पडद्यावर गर्जना करीत उभा होता.

"आणि हा घोड्यावरून पडला तर?" शेजारच्या वाडीतल्या विनीने पडद्यात डोकावून विचारले. "स्वतःच्याच कानात काटा!"

"माझा योद्धा पडतच नाही!"

"मग त्याला चिलखत कशाला रे?"

निमिषने मोबाइल तिच्यापासून दूर ओढला. एरवी कृतिका मनसोक्त हसली असती. पण आज तिचे चित्त थाऱ्यावर नव्हते. पहाटेपासून ती ओटीवर बसे, उठे, अंगणात जाऊन येई. दरवर्षी खंडेनवमीला घरातील कोयते, विळे, पाण्याचा पंप आणि पूर्वजांचा दांडपट्टा यांची एकत्र पूजा होई. मग दिनानाथ आजोबा पट्ट्याच्या खोबळ्यात, म्हणजे कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या त्या पोलादी मुठीत, आपला हात घालून पाते एकदा फिरवीत. यंदा त्यांनी तो मान कृतिकाला द्यायचे ठरवले होते. केळीच्या वाडीत लाकडी पट्टा फिरवून तिच्या तळहाताला घट्टे पडले होते. आणि पट्टा होता कुठे? सुधाकरकाकांनी तो गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात पॉलिश करायला दिला होता!

इतक्यात स्कूटर थांबली. सुधाकरकाका गोणपाटात गुंडाळलेले लांबलचक ओझे घेऊन विजयी वीरासारखे ओटीवर चढले.

"डोळे मिटा सगळ्यांनी! हं... आता उघडा!"

मुलांनी डोळे उघडले आणि उघडेच ठेवले. पट्टा आरशासारखा लखलखत होता. मनगटावर दोन वाकडी शिंगे उगवली होती, आणि कोपराशी सिंहाचा जबडा वासलेला होता.

"काका, ही शिंगं कुठून आली?" कृतिकाने विचारले.

"शिंगं नव्हेत गं, नक्षी आहे ती! इतकी वर्षं गंजाखाली दबली होती. पॉलिश केल्यावर वर आली!"

"गंजाखाली शिंगं उगवतात?" विनी म्हणाली. "ती काय रताळी आहेत?"

"तुला नाही कळायचं ते! कारखान्यात दोन पट्टे होते. एक काळाकुट्ट, एक असा झगझगीत. मी म्हटलं, चमकतो तो आपला! आणि खबरदार, बाबा देवळातून येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही!" पट्टा पूजेच्या चौरंगावर ठेवून काका कपडे बदलायला आत गेले.

कृतिकाने हात लावला नाही. पण गुडघे टेकून तिने खोबळ्याच्या आत निरखून पाहिले. मग ती झटकन मागे सरली.

"आत धरायला आडवी मूठच नाही! आणि हे सुळे पाहिलेस, निमिष? आत वळलेत. हात आत जाईल, पण बाहेर येताना सोलून निघेल. आजोबांना नीट दिसत नाही. ते दरवर्षी नुसत्या स्पर्शाने हात आत घालतात!"

निमिषने हळूच मोबाइल चौरंगाशेजारी धरला. पडद्यावरच्या योद्ध्याच्या हातात तोच जबडा होता, तीच वाकडी शिंगे!

"अगं, हा तर ताईचा पट्टा आहे!"

क्षणार्धात हेमांगीला फोन लागला. ती गेमच्या प्रदर्शनाच्या तयारीत बुडालेली होती.

"हो, माझ्या योद्ध्याचा पट्टा गोखिवऱ्यालाच बनवून घेतलाय. पण त्यांनी घोळ घातला रे! सकाळी फोटो पाठवला, तर नुसता साधा पट्टा, तोही अंधुक. ना जबडा, ना शिंगं. म्हटलं, जबड्याला आता वेळ नाही, निदान घासून पुसून शिंगं तरी बसवा!"

"ताई," निमिषचा आवाज चिरकला, "तुझा पट्टा इथे चौरंगावर आहे!"

पलीकडे हेमांगीची खुर्ची करकरली.

"मग मी शिंगं बसवायला सांगितली ती... अरे देवा! मी त्यांना फोन लावते. रिक्षा पकडून गोखिवऱ्याला निघतेच!"

थोड्याच वेळात तिचा पुन्हा फोन आला. कारखान्यात कुणी फोन उचलत नव्हते. यंत्रांच्या घरघरीत घंटी ऐकू जाणार कशी? मुले सुधाकरकाकांकडे धावली.

"तुम्हाला जळीस्थळी गेमच दिसतो!" काका आरशासमोरून हललेही नाहीत. "मी स्वतः ओळखून आणलाय!"

कृतिकाची आई, सरलाबाई, पुरण वाटता वाटता थांबल्या. त्यांनी एकवार चौरंगाकडे पाहिले, एकवार लेकीच्या चेहऱ्याकडे.

"शिंगं मलाही पटत नाहीत. पण एकटी जाऊ नका. सोबत कुणीतरी मोठं हवं."

"माझे पप्पा गोखिवऱ्यालाच निघालेत!" विनी ओरडली. "झेंडूचा टेम्पो घेऊन!"

विनीच्या पप्पांच्या, म्हणजे सॅन्टनकाकांच्या, टेम्पोत झेंडूचे हार रचून ठेवले होते. खंडेनवमीला गोखिवऱ्याच्या कारखान्यांतून यंत्रांची पूजा होते, आणि त्यासाठीचे हार निर्मळच्या वाड्यांतून जातात. हकिगत ऐकून त्यांनी एवढेच म्हटले, "बसा रे पोरांनो. पन हार चेंगरू नका!"

टेम्पो निघाला; पण आज सारे जगच आडवे येत होते. कुठे सायकलवरून केळीचे खुंट चालले होते, कुठे तोरणांच्या गाड्यांनी रस्ता अडवला होता. उड्डाणपुलावर तर वाहनांची रांग हलेचना. कृतिका बसल्या जागी बोटे मोडीत होती.

"पप्पा, हॉर्न वाजवा ना!"

"हॉर्नने पूल रुंद होत नाय, बाय."

"शिंगं बसवली तर काय होईल गं?" निमिषने दबल्या आवाजात विचारले.

"शिंगं अंगालाच अडकतील. पट्टा अंगाभोवती फिरतो, निमिष. शिंगं आली, की तो फक्त भिंतीवर टांगायचा!" कृतिकाचे डोळे भरून आले. "आणि आजोबांना काय सांगायचं?"

कारखान्यात ते पोचले तेव्हा घासायच्या यंत्राचा कर्कश आवाज घुमत होता. काळसर, साधा, ओळखीचा पट्टा कारागिराच्या हातात होता, आणि खोबळ्याच्या कडेवरून ठिणग्या उडत होत्या!

"थांबा!" तिन्ही मुले एकदम ओरडली.

कारागिराने पट्टा मागे घेतला. कारखान्याचा तरुण मालक सुजय कपाळावर आठ्या घालून पुढे आला.

"हा पट्टा आमचा आहे!" कृतिका म्हणाली. "शिंगं लावू नका!"

"तुमचा तर मघाशीच गेला. सुधाकरशेठ स्वतः ओळखून घेऊन गेले. पट्ट्यांचं काम रात्रपाळीने केलंय, मी गिऱ्हाइकाच्या शब्दावर जातो."

"ते चुकले!"

"ते चुकले आणि तुम्ही बरोबर? हे बघा, गिऱ्हाइकाचा फोन आलाय, शिंगं लावा. त्यांची गाडी यायची वेळ झालीये. एवढं काम उरकलं की यंत्रांची पूजा, मग सुट्टी."

"हेमांगीताई वाटेत आहे. ती येईपर्यंत तरी थांबा!"

"पोरांच्या सांगण्यावरून मी काम थांबवत नसतो. चला, बाजूला व्हा!"

सुजयने कारागिराला खूण केली. कृतिका कोपऱ्याकडे पाहू लागली. तिथे पूजेचे ताट तयार होते. हळद, कुंकू, अक्षता, नारळ. दारात सॅन्टनकाका हारांची टोपली उतरवत होते. तिच्या डोळ्यांत एकाएकी वीज चमकली.

"विनी, हार! निमिष, ताट!"

पुढचे सारे निमिषमात्रात घडले. विनीने टोपलीतला लठ्ठ हार उचलला आणि थेट यंत्राच्या गळ्यात घातला. कृतिकाने चपला काढून यंत्राला हळदकुंकू वाहिले. निमिषने घंटा वाजवत वाजवत मनोभावे अक्षता टाकल्या. त्यांतल्या निम्म्या सुजयच्या केसांत पडल्या!

"अरे अरे! हे काय चाललंय?"

कारागिराने मात्र हातमोजे काढले, पायताण काढले आणि यंत्राला नमस्कार केला.

"मालक, मशीन पूजलं. आता उद्याच चालायचं."

"पण मी कुठे पूजलं? ह्या पोरांनी पूजलं!"

"पूजा कुनी केली, ते मशीन विचारतं व्हय? पूजलेल्या हत्याराला आज हात नाही लावायचा. तुमच्या वडलांपासनं असंच चाललंय!"

सुजयने हार ओढून काढायला हात पुढे केला. पण वडिलांचे नाव निघाले होते. हात अर्ध्यावरच राहिला. रागाने की हसू दाबल्याने, कोण जाणे, त्याचा चेहरा लाल झाला.

तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि हेमांगी धावतच आत आली. पट्ट्याजवळ जाऊन तिने आतल्या मुठीवरून अंगठा फिरवला. पिढ्यान्‌पिढ्यांच्या तळव्यांनी ती मूठ मधोमध झिजवली होती. लहानपणी हेमांगीनेच कितीदा त्या मुठीला खोबरेल तेल लावले होते.

"आमचाच आहे," ती हळूच म्हणाली. "फोटो नीट पाहिला असता तर..."

कारागिराने पात्याचे टोक जमिनीला टेकवून दाबले. पाते धनुष्यासारखे वाकले, आणि सोडताच सळ्‌दिशी सरळ झाले.

"हे आमच्या कारखान्यातलं काम नाही," सुजय ओशाळून म्हणाला. "घेऊन जा. आणि मुलांनो... प्रसादाचा नारळ खाऊन जा!"

"प्रसाद डब्यात द्या!" निमिष म्हणाला. "आजोबांनी तिकडे हात घातला तर?"

परतीच्या वाटेवर टेम्पोत हेमांगीही होती, आणि पुन्हा तीच धाकधूक! सरलाबाईंचा फोन लागेना. अंगणात टेम्पो थांबताच मुले उड्या मारून उतरली आणि ओटीवर येऊन थबकली.

आजोबा खुर्चीत शांत बसले होते. चौरंगाशेजारी सुधाकरकाका उकिडवे बसले होते. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत सिंहाच्या जबड्यात होता, आणि सरलाबाई त्यावर खोबरेल तेल ओतीत होत्या!

"फोटो काढायला घातला," काका खालच्या आवाजात म्हणाले. "आत गेला. बाहेर येत नाही."

"काका, चमकतो तो आपला ना?" विनीने निरागसपणे विचारले. सॅन्टनकाकांनी तिच्याकडे डोळे वटारले, पण त्यांच्या मिशा हलत होत्या.

हेमांगीने खोबळ्याचा खिळा ढिला करून काकांचा हात सोडवला. मग मान खाली घालून ती आजोबांसमोर उभी राहिली.

"चूक माझीही आहे, आजोबा. असली शस्त्रं मी रोज काढते. फोनच्या एवढ्याशा पडद्यावर योद्धा लांबूनच ओळखू यावा लागतो, म्हणून शिंगं मोठी, खांदे मोठे. हातात कसं बसेल, हे कधी मनातच येत नाही."

आजोबांनी सिंहाचा जबडा बोटांनी चाचपला.

"वाईट नाही हे. चित्रातल्या शस्त्राने दिसावं. तेच त्याचं काम. तू ते चांगलं केलंस. फक्त त्याला देव्हाऱ्यात बसवू नये, आणि देव्हाऱ्यातल्याला शिंगं लावू नयेत." मग ते सुधाकरकाकांकडे वळले. "आणि सुधाकर, आपण ह्याला नुसतं तेल लावतो, ते आपल्याकडे पॉलिशला पैसे नाहीत म्हणून नव्हे."

"चुकलो, बाबा."

मुलांची सारी हकिगत आजोबांनी ऐकून घेतली. यंत्राला हार घातल्याचे ऐकताच ते इतके हसले, की त्यांना ठसका लागला.

"शाब्बास! हात न उगारता शस्त्र वाचवलंत. आमच्या पिढीत हे कुणाला सुचलं नसतं!"

पूजा झाली. आजोबांनी खरा पट्टा मांडीवर घेतला. कडेवर, जिथून ठिणग्या उडाल्या होत्या, तिथे एक ताजा, उजळ ओरखडा होता. त्यांचे बोट तिथे थांबले.

"राहू दे ही खूण," ते म्हणाले. "पूर्वीच्या खुणा कुणाच्या, ते मला ठाऊक नाही. ही कुणाची, ते तुला ठाऊक असेल. ये."

तिने हात पुढे केला. आजोबांनी खोबळा तिच्या मनगटावरून वर सरकवला, आणि झिजलेली मूठ तिच्या घट्टे पडलेल्या तळहाताला अचूक भिडली. अंगणात उतरून तिने पाते एकदाच फिरवले. हवेत बारीक शीळ उमटली. सकाळपासून तळमळणारे तिचे मन त्या एका वळणासरशी स्थिर झाले.

दिनानाथांनी डोळे मिटले, हात जोडले आणि इतक्या हळू आवाजात बोलले, की ऐकण्यासाठी सारे जवळ सरकले.

"ज्यांच्याकडून आज चूक झाली त्यांना, जे धावत गेले त्यांना, त्यांना घेऊन जाणाऱ्या सॅन्टनला, आणि त्या कारखान्यातल्या माणसांनाही, सर्वांना सुखी ठेव, देवा. ह्या शस्त्राला कधी कुणावर उठावं न लागो."