ओतिलियामावशीची खुर्ची

एल पासो शहरात, आपल्या जुन्या गल्लीतल्या वाचनालयात, एलिसेओ बारागान आपल्या गाजलेल्या कादंबरीतलं एक प्रकरण वाचणार होता. तीस शहरांत वाचून ते तोंडपाठ झालेलं, आणि स्वतःच्याच गल्लीतल्या लोकांसमोर कचरायला तो काही नवखा नव्हता.

प्रकरण त्याच्या धाकट्या भावाचं. ओतिलियामावशीनं हात सोडला आणि चार वर्षांचा नांदो कालव्यात बुडाला, असं त्यात होतं. मावशीनं तो ठपका जन्मभर मुकाट सोसला. गेल्या हिवाळ्यात ती वारली.

मावशीची मुलगी चेलो हिनं पहिल्या रांगेत एक खुर्ची रिकामी ठेवून तिच्यावर झेंडू वाहिले.

"ज्या मेलेल्या माणसाची गोष्ट, त्याला आधी हाक मारायची, बाकीच्यांनी त्याच्या वतीनं 'हजर' म्हणायचं. तीनदा. विसरलास वाटतं, मोठा झाल्यावर?"

"विसरतोय कशाला? मारतो की!"

"आणि नांदोला?"

"एक खुर्ची पुरे गं."

सहा वाजले होते, खिडकीत अजून ऊन होतं. एलिसेओ खणखणीत आवाजात म्हणाला, "ओतिलिया आर्मेंदारिस!"

"हजर!" सगळे एका सुरात ओरडले. दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा मात्र सगळे थांबल्यावर आणखी एक "हजर" आलं. घोगरं, अगदी पुढून. पाठोपाठ विक्सचा वास. मावशी बारा महिने छातीला विक्स चोळायची.

कुणा म्हातारीला ओरडायला उशीर झाला असेल, असं म्हणून एलिसेओ हसला आणि वाचू लागला. कालव्यापाशी आला.

"...आणि मी हात सोडला."

तो थबकला. पानावर 'मावशीनं' असंच छापलं होतं. त्यानं पुन्हा वाचलं.

"...आणि मी... हात सोडला."

वास आता मानेशी आला होता. चेलो उठून उभी राहिली.

"अरे... पुस्तकात असं नाहीये."

"पण झालं तसंच." त्यानं पुस्तक मिटलं. "मला पतंग पकडायचा होता. मावशी घरात होती. मी तिचं नाव सांगितलं, आणि ती गप्प बसली. तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पण हे लिहिलं तेव्हा पन्नाशीचा होतो, चेलो."

चेलो हमसून रडली. वास हळूहळू विरला. एलिसेओला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी छातीवरचा दगडही उतरला. मावशी आली, ऐकून गेली, आता सुटलो, असं त्याला वाटलं.

लोक गेल्यावर चेलो खुर्च्या आवरू लागली आणि थांबली.

"आईच्या शेजारी... ही कुणी ठेवली?"

मुलांच्या विभागातली बुटकी लाल खुर्ची होती. तिच्यावरून पाणी ठिबकत होतं. तिथून निघालेली इवली ओली पावलं एलिसेओच्या टेबलापर्यंत आली होती. परत गेलेली दिसत नव्हती.